शस्त्रक्रिया वर्ध्याला, उपचार पुलगावात

डोळ्याच्या खाली आणि वरच्या दाढांच्या वर, गालाच्या हाडात, प्रत्येक प्रौढ माणसाला साधारण १५ मिलिलिटरची एक पोकळी असते. उजवीकडे एक, डावीकडे एक. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. या पोकळीच्या अस्तरातून दिवसरात्र श्लेष्मा पाझरत असतो आणि तो नाकात उतरायला हवा. पण पोकळीचे दार तळाशी नाही. ते छताजवळ आहे आणि जेमतेम काही मिलिमीटर रुंद आहे. उभ्या माणसाचा श्लेष्मा नुसता ओघळून बाहेर पडेल, हे शक्यच नाही. तो वर चढवावा लागतो. ते काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. सेकंदाला दहा-बारा वेळा एकाच दिशेने झुकत ते श्लेष्म्याचा पातळ थर, त्यात अडकलेली धूळ आणि जंतूंसकट, दाराकडे सरकवत नेतात. आमच्याकडच्या जुन्या मोटेच्या विहिरींचे असेच होते. बैल चालत असेपर्यंत पाणी वर येई. बैल थांबले की पाणी तळाशीच राही.

सायनसच्या बहुतेक दुखण्यांचा उगम या रचनेत आहे. गाल, कपाळ आणि दोन डोळ्यांमधले हाड या तिन्ही ठिकाणच्या पोकळ्यांचा श्लेष्मा नाकाच्या बाजूच्या भिंतीवर, मधल्या टर्बिनेटच्या (नाकाच्या आतल्या मांसल कंगोऱ्याच्या) आडोशाला असलेल्या एका चिंचोळ्या जागेत येऊन मिळतो. सर्दीने तिथले अस्तर सुजले, मधला पडदा वाकडा असला, ॲलर्जीने कोंब (पॉलिप) वाढले, की वाट बुजते. मग आतला प्राणवायू कमी होतो, केस मंदावतात, श्लेष्मा घट्ट होतो आणि जंतूंना जागा मिळते. दुखते गालात किंवा कपाळात. बिघाड असतो तो त्या वाटेत.

यावरून मी जे म्हणतो आहे ते असे. दोष वाटेत असेल, तर शस्त्रक्रियेचे काम वाट मोकळी करण्याएवढेच असावे. आणि ती वाट मोकळी ठेवण्याचे काम महिनोन्महिने चालणारे असल्यामुळे ते रुग्णाच्या गावातच व्हायला हवे. सुरी वर्ध्याला लागो, उपचार पुलगावात सुरू झाला पाहिजे आणि पुलगावातच संपला पाहिजे. आज नेमके याच्या उलट चालते. गावात जे व्हायला हवे ते होत नाही, म्हणून शहरातल्या उत्तम शस्त्रक्रियेचे निम्मे फळ वाया जाते.

पुलगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठचे, मुंबई–नागपूर रेल्वेमार्गावरचे गाव. गावाची ओळख घडवली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या कापड गिरणीने, आणि नंतर लष्कराच्या दारूगोळा भांडाराने. भोवतालचा सगळा मुलूख कापसाचा. दसऱ्यानंतर सोयाबीनच्या मळणीचा भुसा उडतो, पाठोपाठ कापूस जिनिंगवर येतो, मग तूर. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोरडी तापलेली हवा नाकातला श्लेष्मा वाळवते, आणि वाळलेला श्लेष्मा केसांना ढकलता येत नाही. कापसाच्या धुळीचा विषय निघाला की आपण फुफ्फुसापाशी थांबतो. ती धूळ आधी नाकात अडकते, आणि वर्षाचे चार-पाच महिने ती श्वासात घेणाऱ्या मजुराच्या नाकात कोणी डोकावून पाहत नाही.

नाकाची ही पोकळ घडण जन्मतः पूर्ण नसते, ती वयाबरोबर घडते, आणि या घडण्याकडे दुर्लक्ष झाले की लहान मुलांवर चुकीचे उपचार होतात. गालातला सायनस गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात नाकाच्या भिंतीतल्या एका खळग्यासारखा सुरू होतो. जन्माच्या वेळी तो असतो, पण अगदी लहान. पहिली तीन वर्षे तो झपाट्याने वाढतो, मग जरा थांबतो, आणि सातव्या-आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत, पक्के दात येतात तसा, पुन्हा खाली-बाहेर पसरतो. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याचा तळ नाकाच्या तळाच्या पातळीला येतो; मोठेपणी तो त्याहूनही खाली जातो. डोळ्यांमधल्या एथमॉइडच्या बारीक कप्प्यांचा संच जन्मतःच असतो. मेंदूच्या तळाशी असलेला स्फेनॉइड तिसऱ्या वर्षानंतर हवेने भरू लागतो. कपाळातला फ्रंटल सायनस सर्वांत उशिरा येतो. सहा-सात वर्षांपर्यंत तो एक्स-रेवर नीटसा दिसतही नाही, त्याची वाढ विशीपर्यंत चालते, आणि काही माणसांत तो कधी तयारच होत नाही.

म्हणून चार वर्षांच्या मुलाच्या कपाळावर बोट ठेवून ‘याला इथे सायनस आहे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ज्या जागेला दोष दिला जातो ती जागाच अजून घडलेली नसते. त्या वयात नाक सतत वाहत असेल तर बहुतेकदा कारण साध्या सर्दीत किंवा नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठीत सापडते. एक्स-रे काढून पालकांच्या हाती दिला, त्यात गाल पांढुरका दिसला, तरी त्यावरून प्रतिजैविकाचा कोर्स लिहिणे समर्थनीय ठरत नाही. साध्या सर्दीतही तो पांढुरका दिसतो. पण याच वयातला एक धोका मात्र खरा आहे आणि तो पुलगावच्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवा. एथमॉइडचे कप्पे आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये कागदाएवढ्या पातळ हाडाची भिंत असते. सर्दीनंतर मुलाला ताप आला आणि एका डोळ्याची पापणी सुजून लाल झाली, तर तो डोळे आल्याचा प्रकार समजून थेंब घालत बसू नये. नाकातला संसर्ग खोबणीत उतरला असेल, तर काही तासांचा उशीर दृष्टीवर बेततो. त्या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचे.

दातांचा संबंधही असाच दुर्लक्षित. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या तळाला टेकलेली असतात, काही माणसांत मधले हाड नावापुरतेच असते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीचा पू येत असेल, तर आधी दाढ पाहावी. विदर्भात सुपारी-तंबाखूचा खर्रा किती खाल्ला जातो आणि दातांची काय दशा होते हे वेगळे सांगायला नको. किडलेली दाढ तशीच ठेवून सायनसवर औषधांची फेरी लावणे म्हणजे रुग्णाचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवणे.

या पोकळ्या मुळात का आहेत, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. कवटी हलकी व्हावी, आवाज घुमावा, आघात शोषला जावा, अशा अनेक उपपत्ती आहेत. एक निरीक्षण मात्र पक्के आहे: सायनसच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड वायू तयार होतो, तो जंतूंना मारक आहे, आणि माणूस तोंड मिटून गुणगुणला की नाकावाटे बाहेर पडणाऱ्या या वायूचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ साली हे दाखवले. ॐकार म्हणणाऱ्यांना यात रस वाटेल. त्याने सायनसचा आजार बरा होतो असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दार उघडे असेल तरच हवेची ही ये-जा होते.

दार आणि पोकळी यांतला हा फरक वैद्यकाला कळायला फार वेळ लागला. लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास कवटी कापून कपाळातल्या आणि गालातल्या पोकळ्या रेखाटल्या. इंग्लंडमधल्या नॅथॅनिएल हायमोरने १६५१ साली आपल्या शरीररचनेच्या ग्रंथात गालाच्या पोकळीचे सविस्तर वर्णन केले. त्यात एका स्त्रीची हकिगत आहे. दात काढल्यावर तिच्या हिरडीतून सतत पाणी झरू लागले. तिने पिसाची काडी आत घालून पाहिली, ती जातच राहिली, आणि काडी मेंदूपर्यंत पोहोचली की काय या भीतीने ती गर्भगळीत झाली. हायमोरने तिला समजावले की तिथे मुळातच पोकळी असते. निदान करणाऱ्याला रचना माहीत असेल, तर औषध देण्याआधीच अर्धी भीती जाते, हे या साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गोष्टीतून मला दिसते.

पुढे शस्त्रक्रिया आल्या त्या पोकळीवर चालून जाणाऱ्या. १८९३ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने आणि १८९७ साली पॅरिसच्या आँरी ल्यूकने स्वतंत्रपणे जवळपास एकच पद्धत मांडली. वरचा ओठ उचलायचा, हिरडीच्या वर छेद घ्यायचा, गालाचे हाड फोडून आत शिरायचे, सगळे रोगट अस्तर खरवडून काढायचे आणि नाकात तळाशी एक नवे भोक पाडायचे. द्रव खाली जातो, म्हणून भोक खाली. हा तर्क सरळ होता आणि म्हणूनच पाऊण शतकाहून अधिक काळ जगभर चालला. पण श्लेष्मा या तर्काप्रमाणे वागत नव्हता. खाली नवे भोक असतानाही केस त्याला त्या भोकाच्या बाजूने वळसा घालून वरच्या जुन्या दाराकडेच नेत. आणि खरवडलेल्या जागी नव्याने आलेल्या अस्तरावर केस पहिल्यासारखे येतच नसत.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात वॉल्टर मेसरक्लिंगरने हे प्रत्यक्ष पाहिले. मृत्यूनंतरही काही तास केस चालू राहतात. त्या अवधीत त्याने श्लेष्म्याच्या प्रवासाची चित्रे घेतली आणि दाखवून दिले की सायनस कितीही भरलेला असो, बिघाडाची सुरुवात बहुधा नाकाच्या बाजूच्या भिंतीतल्या त्या चिंचोळ्या जागेत होते. तिथला अडथळा काढला की मोठ्या सायनसचे सुजलेले अस्तर, त्याला हातही न लावता, महिन्याभरात-दोन महिन्यांत निवळू लागते. त्याचा ग्रंथ १९७८ साली आला. हॅरॉल्ड हॉपकिन्सच्या काचेच्या दांड्यांच्या भिंगांमुळे बारीक दुर्बीण आधीच तयार झाली होती आणि सत्तरच्या दशकात सीटी स्कॅनही आला होता. मेसरक्लिंगरचा शिष्य हाइन्झ स्टामबर्गर आणि अमेरिकेतला डेव्हिड केनेडी यांनी ही पद्धत जगभर शिकवली. १९८५ साली केनेडीने तिच्या नावात ‘फंक्शनल’ हा शब्द घातला, आणि तेव्हापासून तिला सगळीकडे ‘फेस’ म्हणतात.

या इतिहासाकडे मी उपकरणांची प्रगती म्हणून पाहत नाही. शल्यवैद्याने शरीराची चाल ओळखली आणि आपला हात आखडता घेतला, हे मला त्यात मोठे वाटते. जास्त कापणे म्हणजे जास्त उपचार, ही समजूत इथे सपशेल खोटी ठरली. हात आखडता घेण्यामागे आणखी एक कारण आहे. एथमॉइडच्या बाहेरच्या बाजूला डोळा, वर मेंदू, आणि स्फेनॉइडच्या भिंतीत दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी. प्रत्येक माणसात ही रचना थोडी वेगळी असते. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन हवाच, आणि नवशिक्याने मृत शरीरावर शिकूनच जिवंत नाकात दुर्बीण घालावी. सरावलेल्या हातांत गंभीर इजा शंभरांत एकाहूनही कमी रुग्णांना होते. पण ती एखाद्याचा डोळाही घेऊ शकते.

सुदैवाने पुलगावला यासाठी दूर जावे लागत नाही. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ पासून आहे, सावंगीला आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. दोन्ही वर्ध्याला लागून, रेल्वेने किंवा एसटीने तासाभरावर. खरी अडचण या दोन ठिकाणांच्या अलीकडे आणि पलीकडे आहे.

अलीकडे काय होते? नाक चोंदले की औषध दुकानातून नाक मोकळे करणारे थेंब येतात. ते तात्काळ गुण देतात, म्हणून सुटत नाहीत. झायलोमेटाझोलिनचे हे थेंब पाच-सात दिवसांपुढे घातले की उलट सूज येते, नाक आणखी बंद होते, आणि माणूस त्याच थेंबांवर अवलंबून राहतो. मग ‘नाकातले हाड वाढले’ असे ऐकायला मिळते. वाढलेले बहुधा हाड नसते, सुजलेले टर्बिनेट असते. सर्दी विषाणूंची असते आणि प्रौढांतल्या शंभर सर्दींपैकी फार तर दोनांत पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. तरी प्रतिजैविक दिले जाते, त्याने बरे वाटले नाही की दुसरे, आणि अधूनमधून स्टेरॉइडची गोळी. डोके दुखते म्हणून आलेल्यांची गोष्ट तर निराळीच. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःला सायनसची डोकेदुखी आहे असे मानणाऱ्या जवळपास तीन हजार लोकांना तपासले, तर ८८ टक्के जणांचे दुखणे अर्धशिशीच्या जातीचे निघाले. बाम चोळत आणि वाफ घेत वर्षे काढलेल्या कितीतरी बायकांना आपल्याकडेही या एका निदानाने आराम मिळेल.

पलीकडची अडचण म्हणजे ‘ऑपरेशन केले तरी सायनस परत येतो’ हे वाक्य. ते चौकात ऐकू येते आणि त्यात तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकणे मला पटत नाही. ज्यांना नाकात कोंब येतात, दमा आहे किंवा बुरशीची ॲलर्जी आहे, त्यांचा आजार अस्तराचा आहे. कोंब काढले तरी अस्तर तेच राहते. आपल्याकडच्या कोरड्या, धुळीच्या, उष्ण हवेत बुरशीजन्य ॲलर्जीचा हा प्रकार वारंवार दिसतो. अशा रुग्णाची शस्त्रक्रिया ही औषध आतपर्यंत पोहोचण्यासाठी केलेली वाट असते. त्या वाटेने मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा नाकातला फवारा हे दोन्ही रोज, काही महिने, कधी काही वर्षे चालले पाहिजे. ते थांबले की आजार परततो आणि दोष शस्त्रक्रियेवर येतो.

नाक धुणे आपल्याला नवे नाही. जलनेती कितीतरी घरांत माहीत आहे, आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाच्या रोगांवर स्वतंत्र अध्याय आहेत. आधुनिक चाचण्यांतही खारे पाणी टिकून राहिले, कारण ते केसांचेच काम हलके करते. अर्धा लिटर पाण्याला साधारण एक चमचा मीठ पुरते. फक्त पाणी उकळून गार केलेले हवे. नळाचे किंवा विहिरीचे कच्चे पाणी नाकात गेले तर क्वचित एक अमीबा घ्राणेंद्रियाच्या वाटेने मेंदूत शिरतो, आणि त्यातून वाचणारे रुग्ण फार थोडे. ही सूचना प्रत्येक नेतीपात्रावर लिहिलेली असावी.

पहिल्या तपासणीला किती महत्त्व आहे ते २०२१ ने दाखवले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, साखर वाढलेल्या आणि स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांच्या नाकात म्युकरची बुरशी शिरली. ही बुरशी रक्तवाहिन्यांत वाढते, त्या बंद करते, आणि पुढचे अस्तर, हाड, टाळू काळे पडून मरते. नाकातून सायनसमध्ये, सायनसमधून ती पातळ भिंत ओलांडून डोळ्यात आणि तिथून मेंदूत, हा तिचा मार्ग. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितले. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले होते आणि त्यांपैकी ३१,३४४ जणांचा आजार नाक, डोळा, मेंदू याच वाटेचा होता. औषध एकच मुख्य, अँफोटेरिसिन बी, आणि तेही मिळेना. त्या मे महिन्याच्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. सात हजार रुपयांना विकले जाणारे इंजेक्शन बाराशेला मिळेल असे तेव्हा जाहीर झाले. आपल्या जिल्ह्याला याचा रास्त अभिमान आहे.

पण औषध एकट्याने पुरे पडत नाही. मेलेल्या ऊतीत रक्त पोहोचत नाही, म्हणून औषधही पोहोचत नाही. ती ऊती कापून काढावीच लागते. कोणाचे फक्त नाक साफ करून भागले आणि कोणाचा वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागला, यातला फरक पुष्कळदा काही दिवसांचा होता. गाल बधिर झाला, एका बाजूने नाक बंद होऊन काळपट स्राव आला, दात हलू लागला, ही लक्षणे गावातच दिसत होती. तिथे नाकात उजेड टाकून पाहणारा माणूस असता, तर टर्बिनेटवरचा काळा डाग त्याला दिसला असता. करोना ओसरला, मधुमेह ओसरलेला नाही, आणि म्युकर भारतात करोनाच्या आधीही होता.

पुलगावच्या ग्रामीण रुग्णालयात कान-नाक-घशाचा तज्ज्ञ कायमचा बसवता येणार नाही, असे म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तज्ज्ञ आठवड्यातून एक दिवस सेवाग्राम किंवा सावंगीहून यावा, एवढे पुरे. रोजच्या डॉक्टरकडे एक नाकाची दुर्बीण असावी आणि ती वापरायचे शिक्षण त्याला मिळावे. साखर तपासावी, दाढ पाहावी, थेंब बंद करावेत, मिठाचे पाणी शिकवावे, फवारा नाकपुडीच्या बाहेरच्या भिंतीकडे मारायचा हे हातात हात घेऊन दाखवावे. बहुतेक लोक तो मधल्या पडद्यावर मारतात, रक्त येते आणि घाबरून सोडून देतात. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही.

उरला पैशाचा आणि मजुरीचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते, आणि २०२१ मध्ये म्युकरचा उपचारही त्यात घेतला गेला. परंतु या योजनेतल्या पॅकेजचा आवाका रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या दहा दिवसांपर्यंतचा आहे, आणि सायनसचे अस्तर भरून यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्या आठवड्यांत खपल्या काढायला, चिकटलेल्या जागा सोडवायला तीन-चार वेळा यावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या बाईची रोजी बुडते, ती दहाव्या दिवसानंतर वर्ध्याला जाणार नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही. तिचे खपल्या काढण्याचे काम पुलगावात झाले, आणि पहिल्या सहा महिन्यांचा फवारा शासकीय औषधसाठ्यातून मिळाला, तर योजनेने तिच्या शस्त्रक्रियेवर आधी केलेला खर्च सार्थकी लागेल. योजनेतली दहा दिवसांची मर्यादा सायनसच्या रुग्णांपुरती तीन महिन्यांची करावी आणि तो पाठपुरावा ग्रामीण रुग्णालयाकडे सोपवावा, ही मागणी जिल्ह्याने लेखी केली पाहिजे.